नऊ नंबरची जागा

माझा भाऊ रेक्स माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, आणि जन्मल्यापासून माझ्या पुढे आहे. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला ते कळलं नसेल असं मात्र समजू नका. दल्सीला माझ्या पोटात कधी दुखतं ते माझ्या आधी कळतं.

दर ईस्टरला आम्ही टॅमवर्थ गावाहून गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत निघतो, घाट उतरतो आणि नदीच्या मुखाशी असलेल्या कॅराव्हॅनच्या पार्कात दोन आठवडे तळ ठोकतो. तीच माणसं, त्याच जागा. एकदा मिळालेली जागा दरवर्षी तुमचीच, तुम्ही सोडलीत तरच पुढच्याला. नदीकाठची रांग कोणी जिवंतपणी सोडत नाही. आम्ही दोघं भाऊ मागच्या रांगेत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून. अकरा वर्षांपूर्वी दोघांनीही नदीकाठासाठी नावं दिली, आणि त्यातही रेक्सचं नाव माझ्या वर. का, तर मी माझी कॅराव्हॅन जागेवर लावायला झगडत होतो तेवढ्यात हा पठ्ठ्या स्वतःची लावून, हात धुऊन ऑफिसात पोचला होता.

कॅराव्हॅन रिव्हर्स करून जागेवर लावणं हा आमच्याकडे संध्याकाळचा तमाशा असतो. पाच वाजले की सगळे घडीच्या खुर्च्या टाकून, बिअर हातात घेऊन बसतात आणि नवीन आलेल्याची फजिती बघतात. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करणार, आणि लग्न मोडेपर्यंत भांडण. रेक्ससाठी कोणाला हातवारे करावे लागत नाहीत. बोटीएवढी कॅराव्हॅन, पुढे ती अवाढव्य डिझेल गाडी, आणि हा खिडकीतून कोपर बाहेर काढून एका दमात आत. माझी मधल्या आकाराची एसयूव्ही, मागे हँडल फिरवून छप्पर वर करायची जुनी छोटी कॅराव्हॅन, आणि तरी मला चार वेळा पुढे-मागे. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर दल्सी म्हणाली, रेक्सला सांगू का लावायला? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, सांग की, आणि त्याच्याच घरी राहायला जा. सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

त्याची बायको मार्लीन सहा वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली. तेव्हापासून पार्कात असताना दल्सी रोज संध्याकाळी त्याला ताट नेऊन देते. ताट पोचवायला वेळ तो किती लागणार? शेजारीच तर तो असतो. ही तासाभराने परत येते, गाल लाल, डोळ्यांत हसू अजून शिल्लक. काय एवढं बोलत होता, असं विचारलं की म्हणते, काही नाही, असंच. माझ्याशी असंच बोलायला तिच्याकडे काही नसतं. माझ्याशी ती गॅसच्या बाटलीबद्दल बोलते.

तर गेल्या ऑगस्टमध्ये पार्कातून फोन आला. नऊ नंबरवाल्या नॅन्सबाईंचे गुडघे गेले, त्यांनी जागा सोडली, आणि ती आता माझी. मी विचारलं, रेक्सचं काय, त्याचं नाव वर होतं ना? फोनवरची बाई म्हणाली, त्यांचं नाव आता नाहीये. मी ताडलं. दरवर्षी ऑफिसात जाऊन नाव पुढे चालू ठेवा असं सांगावं लागतं, आणि हा ऐदी माणूस विसरला असणार. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. रेक्सला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, वा, म्हाताऱ्या, जिंकलास. त्याचा आवाज पडलेला वाटला, आणि मला तो आवाज आठवडाभर पुरला.

आता नऊ नंबर म्हणजे पार्कातली सगळ्यात ऐसपैस जागा. तिथं माझी ती हँडलवाली डबी ठेवणार? लोक काय म्हणतील? मी एक मोठी कॅराव्हॅन घेतली, वापरलेली, पण आत न्हाणीघर, धुण्याचं मशीन, सगळं. रेक्सच्या कॅराव्हॅनपेक्षा वीतभर लांबच. दल्सी म्हणाली, आपली गाडी हे धूड ओढेल का? मी म्हणालो, पुस्तकात लिहिलंय, दोन टन ओढते. कॅराव्हॅन रिकामी होती तेव्हा दोन टनांच्या आत होती, हे खरं. पण रिकामी कॅराव्हॅन घेऊन कोणी सुट्टीला जात नाही.

आणि वजनापेक्षा नाजूक गोष्ट म्हणजे नाक. कॅराव्हॅनचं नाक गाडीच्या मागच्या हुकावर टेकतं, आणि ते किती जड असावं याला मर्यादा असते. माझ्या गाडीला ती फार कमी. सामान भरल्यावर गाडीचं बूड खाली बसलं आणि तोंड आभाळाकडे गेलं. मग मी डोकं चालवलं. जनरेटर, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, सगळं उचलून कॅराव्हॅनच्या पार शेपटीत टाकलं, आणि दोन सायकली मागच्या बंपरवर बांधल्या. नाक हलकं झालं, गाडी सरळ उभी राहिली. ही चूक करायला अर्धवट ज्ञान लागतं, आणि ते माझ्याकडे भरपूर आहे.

घाट सुरू होईपर्यंत काही झालं नाही. उतारावर एक लांबलचक ट्रक आम्हाला ओलांडून गेला, त्याच्या वाऱ्याने कॅराव्हॅनची शेपटी जराशी हलली, आणि मग ती हलायची थांबेचना. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी जास्त. आरशात कधी कॅराव्हॅनची ही बाजू, कधी ती. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो, एकट्या कॅराव्हॅनचा हातानं लावायचा असतो. मी गाडीचा दाबला. दल्सी ओरडली नाही. तिनं फक्त माझी मांडी पकडली. आम्ही आडवेतिडवे होऊन कडेच्या खडीत थांबलो तेव्हा तिची नखं माझ्या पँटमधून आत गेली होती.

लागलं कोणालाच नाही. हूक मात्र वाकला होता, आता ही गाडी काही ओढू शकत नव्हती. मी बंद गाड्या ओढून नेणाऱ्या कंपनीला फोन लावत होतो, तेवढ्यात दल्सी बाजूला जाऊन बोलून आली. म्हणाली, रेक्स येतोय. तो आदल्या दिवशीच पार्कात पोचला होता, कॅराव्हॅन तिथे सोडून मोकळी गाडी घेऊन निघाला होता. मी म्हणालो, त्याला कशाला? तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी फोन खिशात टाकला.

तो आला, कॅराव्हॅनभोवती एक चक्कर मारली, शेपटीतलं सामान बघितलं आणि माझ्याकडे वळला. मला वाटलं आता उडवणार माझी. उडवली असती तर बरं झालं असतं. तो सरळ जनरेटर उचलून मधल्या चाकांवर ठेवायला लागला. सगळं नीट लावल्यावर त्यानं माझी कॅराव्हॅन त्याच्या गाडीला जोडली, आणि ती अशी मुकाट उभी राहिली की जणू त्याचीच होती. मी दल्सीसाठी माझ्या गाडीचं दार उघडलं. ती म्हणाली, "माझे पाय अजून लटपटताहेत रे. मी रेक्सच्या गाडीत बसते."

म्हणजे असं दृश्य की पुढे माझा भाऊ माझी कॅराव्हॅन ओढतोय, शेजारी माझी बायको, आणि मागे मी एकटा मोकळी गाडी चालवतोय, आरामात भाजी आणायला निघाल्यासारखा. त्या दोघांची डोकीसुद्धा मला दिसत नव्हती. मध्ये माझीच कॅराव्हॅन, वीतभर जास्त लांब.

लांबच्या प्रवासात आम्ही गाड्यांमध्ये रेडिओ ठेवतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. घाटाच्या पायथ्याशी माझा रेडिओ खरखरला आणि त्यातून इंजिनाचा आवाज यायला लागला. दल्सीनं पर्स रेडिओच्या माइकवर ठेवली असणार, बटण दाबलं गेलं होतं. ते दाबलेलं असेपर्यंत तिकडे इकडचं काही ऐकू जात नाही. तरी मी एकदा सांगून पाहिलं, अगं, बटण दाबलं गेलंय. एकदाच. मग कान दिला.

"माझंच चुकलं," दल्सी म्हणत होती. "ती जागा त्याला मिळवून द्यायला नको होती. नाहीतर हे धूड त्यानं घेतलंच नसतं."

मिळवून द्यायला? मी आवाज वाढवला.

"जागा मी सोडली," रेक्स म्हणाला. "मग चूक माझी."

"मी मागितली म्हणून सोडलीस ना. त्याला एकदा तरी तुझ्यापुढे जाऊ दे, असं म्हटलं मी. दुसरं काही नव्हतं मनात."

"अकरा वर्षं मीही थांबलो होतो."

"ठाऊक आहे मला."

"दुसऱ्या कोणी मागितली असती तर दिली नसती, दल्स."

तिला दल्स कोणी म्हणत नाही. तिची आई म्हणायची नाही, मी म्हणत नाही. आणि त्यानंतर तिकडे कोणी बोललं नाही. नुसतं इंजिन, आणि कुठेतरी वळताना इंडिकेटरची टकटक. मी स्टिअरिंग आवळून बसलो होतो. बोल ना बाई, मी म्हणत होतो, गप रे म्हण, वेडा आहेस का म्हण, हसून उडव त्याला, रोज हसतेस ना इतकी. ती हसली नाही. ती काहीच बोलली नाही, आणि माझ्या उभ्या जन्मात रेक्सच्या कोणत्याही गाडीनं, कोणत्याही कॅराव्हॅननं मला इतकं जाळलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, अगदी बारीक. "मला तर नदी आवडतही नाही रे. डास, ओल, अंथरूण दमट. मागची रांगच बरी होती. तिथं कपडे वाळत घालताना चार बायका भेटतात." मग म्हणाली, "त्याला यातलं काही सांगू नकोस."

"मी कशाला सांगतोय," रेक्स म्हणाला.

"आणि जरा हळू घे. मागे तो एकटाच आहे."

मग बहुतेक पर्स उचलली गेली. रेडिओ बंद पडला.

पार्कात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, खुर्च्या मांडलेल्या होत्या. रेक्सनं नऊ नंबरवर माझी कॅराव्हॅन एका दमात लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, अल्विन, मारलीस रे बाजी शेवटी. मी हात वर केला. रेक्स गाडीतून उतरून माझ्याजवळ आला, हात मिळवला.

"अभिनंदन, म्हाताऱ्या. चांगली जागा आहे."

तो बोलत माझ्याशी होता आणि बघत नदीकडे होता. ओहोटीचं पाणी चाललं होतं, पलीकडच्या वाळूवर पेलिकन बसले होते. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, घे रे, तुझीच आहे ती, लाव तुझी कॅराव्हॅन इथं. एवढं म्हणालो असतो तर आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याहून मोठा झालो असतो. पण मग मला कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगितलं की दल्सीच्या त्या गप्प राहण्याबद्दलही कोणालातरी बोलावं लागलं असतं, आणि ती काय बोलेल ते ऐकायची माझी छाती नव्हती. मी म्हणालो, थँक्यू. तो मागच्या रांगेकडे निघून गेला.

दल्सीनं दोन खुर्च्या पाण्याकडे तोंड करून मांडल्या. माझ्या हातात बिअर दिली आणि शेजारी बसली.

"रेडिओवर वाटेत काही बोलला नाहीस," ती म्हणाली.

"बंद ठेवला होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग परत पाण्याकडे. मला विचारायचं एकच होतं, आणि मी विचारलं दुसरंच.

"तुला आवडली का जागा?"

"खूप," दल्सी म्हणाली, आणि मला दिसू नये अशा बेतानं खाली वाकून घोट्यावरचा डास मारला.

खरं काय ते तिनं त्याला सांगितलं होतं. मला नदी दिली होती.