लझहरच्या हाताची कबर

आमच्या कबरस्तानात एवढी गर्दी मी कुणाच्या मयतालाही पाहिली नव्हती. आणि उकरायचं काय, तर एक हात! दोन वर्षांपूर्वी ऑलिव्हच्या घाण्यात लझहरचा डावा हात मनगटाच्या वर तुटला. आमच्या रीतीप्रमाणे तो कफनात गुंडाळून त्याच्या बापाच्या पायाशी पुरला होता. आज जिन्न उतरवणारा शेख हमादी तीच माती कुदळीनं उपसत होता.

"मागे सरा! हात जिन्नाच्या ताब्यात आहे!" तो गरजला. "लझहर, मूठ आवळल्यासारखी वाटते ना तुला? नखं तळव्यात रुततात ना?"

"हो शेख," लझहर कळवळला. "नसलेल्या हाताची मूठ काही केल्या उघडत नाही. खिळा ठोकल्यासारखं होतं."

हेच गाऱ्हाणं त्यानं कॉफीखान्यात पन्नासदा गायलेलं. शेखला मात्र म्हणे ते गैबी आवाजानं कळलं!

शेखनं कफनाचं गाठोडं मांडीत घेतलं, वर पिवळं फडकं टाकलं, आत हात घातला आणि वीतभर गंजका खिळा उपसून काढला. "बघा! अंगठ्याच्या हाडात रुतला होता!" मग बाटलीतलं मंतरलेलं पाणी शिंपडलं. पिवळं फडकं रक्तासारखं लाल झालं. बायका किंचाळल्या. खोटं कशाला बोलू, मीही शेजारणीचा हात धरला. तीस वर्षं दवाखान्यात नर्स आहे मी, रक्ताला भीत नाही. पण मातीखालून आलेलं रक्त वेगळंच. लझहरची आई सालहाबाई तर चुन्यासारखी पांढरी पडली होती. लोक म्हणाले, आनंदानं.

"सैल झाली!" लझहर ओरडला. "मूठ सैल झाली!"

तीन रात्री तो झोपला. चौथ्या दिवशी दुखणं दामदुपटीनं परत आलं.

"जिन्न हातातून निघाला आणि दंडात शिरला," शेखनं निदान केलं. "जुम्म्याच्या नमाजानंतर डाग द्यावे लागतील. थोटकापासून मानेपर्यंत, सात."

लझहरला मधुमेह आहे. हात तुटल्याची जखम भरायला चार महिने लागले होते. सात डाग म्हणजे सात जखमा, आणि त्यातली एक जरी सडली तरी माणूस हातचा जायचा. मी स्फॅक्स शहरात धावले, तिथल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांपुढे बसले, विचारलं, शिकले आणि शुक्रवारी दुपारी आरसा बगलेत मारून लझहरच्या अंगणात हजर झाले.

शेगडीत लोखंड लालबुंद झालं होतं. चौघांनी लझहरला धरलं होतं.

"सोडा त्याला! मधुमेह आहे त्याला, मरेल तो!"

"सिस्टर, तुमच्या गोळ्यांनी काय दिवे लावले?" शेख हसला.

फार नव्हते लावले, हे खरंच होतं.

"भाजू दे गं खाला," लझहर पुटपुटला. मला तो मावशी मानतो. "निदान असलेल्या अंगाला तरी दुखेल."

शेखनं लोखंड उचललं. तेवढ्यात सालहाबाई मध्ये आडवी पडली.

"थांबा! त्या कबरीत हात नाहीच!"

लझहरला धरलेल्या चौघांनी हात सोडले.

"हाताचा चेंदामेंदा झाला होता. स्फॅक्सच्या दवाखान्यानंच त्याची विल्हेवाट लावली," ती रडत म्हणाली. "शुद्धीवर आल्यावर यानं पहिलं विचारलं, उम्मी, माझा हात नीट पुरलास ना? काय सांगू? खाटकाकडून मेंढीचा पाय आणला आणि कफनात गुंडाळून पुरला. मुसलमानांच्या कबरीत जनावर! दोन वर्षं जीव मुठीत धरून आहे मी."

"बाईचं डोकं फिरलंय!" शेख बरळला.

"शेख," मी म्हटलं, "मेंढीला अंगठा कधीपासून फुटला?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी शेखची मंतरलेल्या पाण्याची बाटली हिसकावली आणि स्वयंपाकातून उठून आलेल्या सालहाबाईच्या हळदीनं माखलेल्या ओच्यावर ओतली. ओचा लालभडक झाला.

"चुन्याची निवळी! घराला लावतो तोच चुना. हळदीला लागला की लाल होतो, आणि याचं पिवळं फडकंही हळदीचंच! हिच्या ओच्यातही जिन्न शिरलाय की काय?"

शेखनं लोखंड तिथंच टाकून पोबारा केला. आता हायसं वाटावं की नाही? पण लझहरचा चेहरा बघून माझं काळीज हललं.

"मग मी तीन रात्री झोपलो कसा? मेंढीच्या पायातून खिळा काढला आणि मला बरं वाटलं? मी खोटारडा आहे का, खाला? की वेडा झालोय?"

"दोन्ही नाहीस. डोळे मीट." मी त्याच्या डाव्या गालावर कापूस फिरवला. "कुठं लागतंय?"

"गालावर. आणि... या अल्लाह! अंगठ्याला! गेलेल्या अंगठ्याला!"

गर्दी दोन पावलं मागे हटली.

"पळू नका, जिन्न नाही तो, मेंदू आहे! प्रत्येक अवयवाची मेंदूत जागा असते. हात गेला, त्याची जागा राहिली. तिच्या शेजारीच चेहऱ्याची जागा, म्हणून एकीची हाक दुसरीत ऐकू जाते. तुटलेले मज्जातंतू भलतेच निरोप पाठवत राहतात. मेंदू सांगतो, मूठ सोड; हाताकडून उत्तर येत नाही; मग तो पुन्हा पुन्हा कळा उठवतो. दुखणं कबरीत नाही, दंडातही नाही. ते इथं, डोक्यात घडतं. आणि भरवसाही इथंच घडतो, म्हणून तीन रात्री कळ दबली. दबली, गेली नाही."

आरसा त्याच्या छातीशी उभा धरला. थोटूक आरशामागे, उजवा हात पुढे. आरशात त्याला दोन हात दिसले.

"दोन्ही मुठी आवळ. आता हळूहळू सोड. आरशातच बघ."

काही झालं नाही. पुन्हा. पुन्हा काही नाही. घामानं माझी बोटं आरशावरून घसरायला लागली. सगळ्या गावासमोर मीही तोंडघशी पडणार असं वाटायला लागलं.

आठव्या खेपेला लझहर आरशाकडे झुकला. आरशातली बोटं उलगडत होती.

"उम्मी," तो लहान पोरासारखा म्हणाला, "उघडतेय गं."

पूर्ण बरा झाला, असं मी सांगणार नाही. तसं सांगणारा शेख पळालाय. रोज आरसा, डॉक्टरांच्या गोळ्या. काही दिवस कळ निम्मी, काही दिवस तेवढीच. आरसा प्रत्येकाला लागू पडतोच, असंही नाही. पण लझहरच्या अंगावर एकही डाग नाही.

माणसाचं दुखणं खरं असतं, बाबांनो. त्याला खोटं म्हणू नका, आणि ते खरं आहे म्हणून त्यावर कुणी सांगेल तो उपाय खरा मानू नका. लोखंड शेगडीत घालण्याआधी एवढंच विचारा: सांगणाऱ्याला हे कशावरून कळलं? विचारल्यानं कुणी भाजत नाही.