सांता लुचियाचे चार डोळे

“बाई, हिच्या चेहऱ्यावर दोन डोळे आणि हातातल्या ताटलीत आणखी दोन. मग सांता लुचियाला एकूण डोळे किती?”

इटलीतल्या बेर्गामोच्या संग्रहालयात, भर दालनात, संत लुचियाच्या चित्रासमोर मी हे खणखणीत आवाजात विचारलं. “तुझी हिंमतच होणार नाही,” अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, इलेनिया आणि नोएमीने, लावली होती. आता दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही माझे कान लाल व्हायचे, हे खरं. पण ते तेव्हा!

फक्त वेळ चुकली. त्या दिवशी माझी परीक्षा होती. आमच्या शाळेतून संग्रहालय एकच मार्गदर्शक निवडणार होतं, मला ते काम हवं म्हणजे हवंच होतं, आणि निवडणाऱ्या होत्या याच, संग्रहालयाच्या ब्रुझाफेर्रो बाई. त्यात समोर पहिलीची बावीस पोरं मांडी घालून बसलेली.

बाईंनी सरळ सांगून टाकलं, “तिचे डोळे काढले होते, अशी कथा आहे. ताटलीत आहेत ते तेच.”

तारीख होती दहा डिसेंबर! आमच्याकडे बारा तारखेच्या रात्री सांता लुचिया गाढवावरून येते आणि पोरांसाठी खेळणी ठेवून जाते. सगळ्यांची पत्रं लिहून झालेली, गाढवाचं गवतसुद्धा आणलेलं. पहिल्या रांगेतला एर्मेस ओठ काढून म्हणाला, “डोळे काढले? मग तिला आमचं घर कसं सापडणार?”

झालं! बावीस भोंगे एकदम सुरू.

“माझं पत्र कोण वाचणार?”

“माझी सायकल शेजारच्यांकडे जाईल!”

बाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, “हे तू निस्तर. नाहीतर मार्गदर्शकाचा बिल्ला विसर.”

मागे इलेनिया हसू दाबून दाबून जांभळी झाली होती. मी चित्रापाशी जाऊन उभी राहिले.

“अरे, रडता काय? नीट बघा! चेहऱ्यावर डोळे आहेत ना? देवाने तिला नवे दिले. ताटलीतले जादाचे!”

“जादाचे कशाला?”

“नवे रस्ता शोधायला. आणि जुने, तुम्ही खरंच झोपलात की सोंग करताय, ते बघायला!”

भोंगे बंद. एर्मेसने बाहीने नाक पुसलं. “आणि गाढवाला किती?”

“दोनच. त्याला कोण जादा देतंय?”

पोरं खदाखदा हसली आणि उठून पुढच्या संताच्या चित्राकडे पळाली. “ताई, ताई! या बाबाच्या डोक्यात सुरा का घुसलाय?”

“अर्धं खरं, अर्धी थाप,” बाई म्हणाल्या. पण त्यांच्याही ओठांवर हसू होतं. “शनिवारपासून ये. थापा घरी ठेवून.” आणि त्यांनी माझ्या स्वेटरला बिल्ला लावला.

घरी आई मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती, बाबा ताटं मांडत होते. मी कोटही काढला नाही.

“दोघंही ऐका. शनिवारचं पोहणं बंद. मी संग्रहालयात जाणार, आणि पुढे शिकणार तेही चित्रांचंच. तुम्ही म्हणता ती वकिली नाही. आणि बाबा, ‘बघू’ म्हणायचं नाही, माझं ठरलंय!”