बत्तीस दातांचं छप्पर

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे आणि मला बत्तीस दात आहेत. मला दोन्ही गोष्टींचा अभिमान आहे.

छपाईच्या यंत्रातून मी बाहेर पडलो तोच हसत. पुढे कित्येक वर्षं दंतवैद्यांच्या दवाखान्यावर मी हसत उभा होतो. समोरच्या बसथांब्यावरची माणसं मला पाहून गुपचूप जिभेनं आपापले दात चाचपत. मग डॉक्टरांनी दिव्यांची नवी पाटी लावली आणि माझी रवानगी जिन्याखाली, बादलीशेजारी झाली. तिथेही मी हसतच होतो. पण अंधारात हसणाऱ्याला कोण विचारतो?

दवाखान्यातल्या मदतनीस ताईंनी विचारलं. त्यांच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, एकच हौस होती. तळ्याकाठच्या झाडीत झोळी बांधून दुपारची झोप काढायची. पण ताईंच्या दादानं बजावलं होतं, "अण्णा, नुकतेच न्यूमोनियातून उठलात. एक थेंब जरी अंगावर पडला ना, तर झोळी कायमची माळ्यावर!"

विकतचं छप्पर परवडणारं नव्हतं. ताई मला घेऊन गेल्या. झोळीच्या वर त्यांनी एक दोरी ताणली आणि मला तिच्यावर टाकलं. माझ्या कोपऱ्यांच्या कड्या कधीच तुटल्या होत्या. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात एकेक गोटा गुंडाळून त्याच्या मानेला सुतळी आवळली आणि जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधली. दात आतल्या बाजूला आले. अण्णा झोळीत आडवे झाले आणि त्यांनी वर पाहिलं.

"पोरी, हा मला खाणार तर नाही?"

"अण्णा, तुमचे चारच उरलेत. हे उसने समजा."

तेवढ्यात पाऊस आला. मला छाती नाही, म्हणून मी हिरड्या फुगवल्या आणि एक थेंब आत येऊ दिला नाही. तरीही अण्णांच्या पाठीखालचं कापड ओलं होऊ लागलं!

छत्रीखाली उभा असलेला दादा म्हणाला, "बघ, गळतंय तुझं छप्पर. उठा अण्णा, घरी चला."

अण्णांनी झोळीची कड घट्ट धरली.

ताईंनी मला आतून चाचपलं. मी कोरडा ठणठणीत. मग त्यांनी झोळीच्या दोरीला हात लावला. "अरे, पाणी बुंध्यावरून दोरीवर आणि दोरीवरून थेट झोळीत येतंय! दादा, बुटाच्या नाड्या काढ."

"माझ्या?"

"मग काय झाडाच्या?"

ताईंनी दोन्हीकडच्या दोरीला, झोळीच्या अलीकडे, एकेक नाडी बांधून लोंबती सोडली. दोरीवरून ऐटीत निघालेलं पाणी नाडीपाशी आलं, खाली वळलं आणि गुमान जमिनीवर टपकलं. ताईंनी अण्णांच्या पाठीखाली कोरडी चादर सरकवली. दादा सैल बुटांनी फटक फटक करत दर थोड्या वेळानं चादर चाचपून जाई. चादर कोरडी ती कोरडीच. अण्णा तर घोरू लागले होते.

शेवटी दादानं छत्री मिटली आणि माझ्याखाली येऊन ताईंना हळूच म्हणाला, "जरा सरक ना."

मित्रांनो, एवढा मान चौकातल्या कुठल्या फ्लेक्सला मिळालाय? आता माझी एकच विनंती आहे. पाऊस थांबला की मला ओलाच गुंडाळू नका, बुरशी धरते. आधी उन्हात वाळवा. आणि घरातल्या कुणाची झोळी माळ्यावर टाकण्याआधी, पाणी नक्की कुठून येतंय, तेवढं बघा.