स्टँडवर बसून राहिलेली ग्रंथी

निपाणीकडच्या नागोजीनं उभ्या हयातीत खरं बोलायची पाळी स्वतःवर येऊ दिली नव्हती. आपल्या बैलानं एकदा सरहद्दीचा दगड शिंगावर उचलून दोन शेतं पलीकडं नेऊन ठेवला, हे तो शपथेवर सांगे. पण आज बेळगावात, टिळकवाडीतल्या दवाखान्यात, तो खरं सांगून टाकायला आला होता.

चौदा दिवसांची नात सुनेच्या, प्रियदर्शनीच्या, मांडीवर निपचित झोपलेली. जन्मल्यावर टाचेतनं काढलेल्या रक्तात थायरॉईड कमी निघालं होतं. अशी पोरं बुद्धीनं मागं राहतात, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासनं चार दिवस म्हाताऱ्याच्या नरड्याखाली घास उतरला नव्हता.

"डॉक्टरबाई, चूक माझी हाय," तो एकदाचा म्हणाला. "भादव्यात गिऱ्हाण लागलं. पोटुशीनं काय चिरायचं न्हाय म्हणून गल्लीभर मीच दम देत हिंडलो. आन् घरात यिऊन हिला म्हटलं, पोरी, भूक लागलीया, एक काकडी चिर."

प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. "मामा, म्हणून उपाशी बसलासा व्हय?"

डॉक्टर मधुवंतींनी विचारलं, "ग्रहणात हिला कितवा होता?"

"सातवा सरत आलता."

"मग ऐका आजोबा. ही थायरॉईडची ग्रंथी उगवते जिभेच्या मुळाशी, गर्भाच्या चौथ्या आठवड्यात. तिथनं सरकत गळ्यात येते. दोन महिन्यांच्या आत प्रवास खलास. केव्हा निघायचं, कुठं थांबायचं, हे पेशींमधली जनुकं ठरवतात. हिची जिभेपाशीच राहिली, म्हणून थायरॉईड कमी पडतं. का, ते दरवेळी सापडत नाही. पण तुमची काकडी पाच महिने उशिरा आली."

"म्हंजी निपाणीसनं बेळगावला निघाली आन् मधी वाटंतच, संकेश्वरात, उतरली?"

"निघालीच नाही. निपाणीच्या स्टँडवरच बसून राहिली."

"आन् पोर? शाणी हुईल?"

"कमी पडतं ते भरून काढणारी गोळी वेळेत सुरू होतेय. रोज द्यायची, चुकवायची नाही, रक्त तपासत राहायचं. मग ही शाळेतनं येऊन तुम्हाला असे प्रश्न विचारेल, की तुम्हीच घर सोडून पळाल."

प्रियदर्शनीनं पहिली गोळी चमच्यात कुस्करली, आपल्या दुधात कालवली आणि बाळाच्या गालात सोडली. बाळानं तोंड वाकडं केलं, पण गिळलं.

नागोजीनं टोपी काढली, डोळं पुसलं, परत घातली.

"पोरी, खाली हाटेल हाय न्हवं? दोन डोसं तुला, चार मला."

"पाच खावा, मामा," सून म्हणाली.