चॅपलच्या वळणाअलीकडे

डाव्या हातमोज्यात टेलेरीची करंगळी तिसऱ्यांदा शेजारच्या बोटाच्या घरात शिरली. तिने मोजा उपसून काढला, तळव्याचा घाम पॅन्टला पुसला आणि पुन्हा घालायला घेतला.

"आज होईल ना घालून?" अंगणातल्या दगडी कठड्यावरून तिची मोठी बहीण नेस्ट म्हणाली. नेस्टने हेल्मेट केव्हाच चढवलं होतं. काठी मात्र दाराशी टेकवून ठेवली होती.

गाडी आणून देणारा इद्वाल अजून फाटकापाशी घोटाळत होता. बाला गावाच्या रस्त्यावर त्याचं जुनं गॅरेज. सोळा महिन्यांपूर्वी अपघातानंतर चरात पडलेली ही मोटरसायकल त्यानेच उचलून नेली होती, आणि आज टाकीला नवा रंग देऊन तोच परत घेऊन आला होता. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती.

"मी पडलो तेव्हा सहा आठवड्यांत परत गाडीवर बसलो," तो म्हणाला. "बायकोने किल्ली पिठाच्या डब्यात लपवली होती, तरी."

"भीती नाही वाटली?" टेलेरीने विचारलं.

"वाटली तर! पहिला महिनाभर वळण दिसलं की उलटी यायची. हेल्मेटात उलटी झाली की काय होतं, सांगू?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

इद्वाल पोटभर हसला. मग हसू आवरून टेलेरीजवळ आला.

"चाकाकडे बघू नकोस, पोरी. जिथे जायचंय तिथे बघ. आपण बघतो तिकडेच गाडी जाते."

टेलेरीने मान हलवली. ही गाडी विकून टाकायची, असं तिने दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा नेस्ट आडवी आली. "पडले मी, मांडीत सळई माझ्या, तर ठरवणारही मीच. बसायचं, आणि मी मागे बसणार." अकरा आठवडे इस्पितळात काढलेल्या माणसापुढे काय बोलणार? त्या दुपारचं आपल्याला काहीच आठवत नाही, असं नेस्ट म्हणायची. सकाळी खाल्लेली अंडी आठवतात, आणि त्यानंतर एकदम इस्पितळाच्या छतावरचे दिवे. गाडी चालवणाऱ्या टेलेरीला मात्र सगळं आठवत होतं. पावसाने निसरडा झालेला रस्ता, कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून सांडलेलं शेण, अंगावर आलेली दगडी भिंत. आणि आणखी एक गोष्ट, जी तिने ना पोलिसांना सांगितली होती, ना आईला.

गाडी सुरू झाली. नेस्ट इद्वालच्या खांद्याचा आधार घेत, दुखरा पाय हाताने उचलून मागे बसली आणि तिने टेलेरीच्या कमरेला मिठी मारली.

पहिले तीन मैल टेलेरी नीट श्वासही घेत नव्हती. तळ्याकाठचा रस्ता सरळ होता, कोरडा होता, तरी प्रत्येक ओल्या पानापाशी तिची बोटं आपोआप ब्रेककडे जात. समोरून दुधाचा टँकर आला तेव्हा ती इतकी कडेला सरली की कुंपणाचे काटे बाहीला घासले. हँडल थरथरत होतं. ते इंजिनाचं कापरं की आपल्या हातांचं, तिला कळेना.

मग चढ लागला. वरच्या अंगाला ओळखीची झाडं दिसू लागली, त्यांच्यामागे छोट्या प्रार्थनाघराचं, चॅपलचं, काळं छप्पर. त्याला वळसा घालून रस्ता खाली उतरायचा. जिथे जायचंय तिथे बघ, तिने स्वतःला बजावलं. पण जायचं होतं तिथे तिला फक्त ती भिंत दिसत होती. एका शेताच्या फाटकापाशी तिने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि उतरून फाटकाच्या लोखंडी नळीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

नेस्ट सावकाश उतरली. लंगडत जवळ आली. हेल्मेट काढून तिने फाटकाच्या खांबावर ठेवलं.

"इथेच झालं का ते?"

"पुढे. वळणावर." टेलेरी म्हणाली. "नेस्ट, मला एक सांगायचंय. आपलं ठरलं होतं ना, खांद्यावर थाप मारली की वेग कमी करायचा?"

"हं."

"तू मारली होतीस. त्या दिवशी. वळणाच्या आधी दोनदा." ती फाटकाकडेच बघत बोलत होती. "मला कळलं होतं. मला वाटलं, तू नेहमीसारखी उगाच घाबरतेयस. मी कमी नाही केला वेग. उलट... उलट थोडा वाढवला. तुला चिडवायला."

फाटकापलीकडे एक मेंढी खाता खाता थांबली आणि पुन्हा चरू लागली.

"दोनदा नाही," नेस्ट म्हणाली. "तीनदा."

टेलेरी वळली. नेस्ट हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती.

"तिसऱ्यांदा चांगली जोरात मारली होती."

"पण तू तर म्हणालीस, तुला..."

"तू आलीस माझ्या खाटेपाशी. हात गळ्यात बांधलेला. विचारलंस, काय आठवतंय? तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, काही नाही. एकदा म्हटल्यावर मग ते परत कसं घेणार?"

"सोळा महिने?"

"दोन महिने तर तुझ्यावर नुसती धुमसत होते मी. ती व्यायाम करून घेणारी बाई पाय वर उचल म्हणायची, आणि मी तुझं नाव घेऊन शिव्या घालत उचलायचे. तिला वाटायचं, सासूचं नाव असेल."

टेलेरीला हसू आलं नाही. "आणि आता?"

नेस्टने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"तुला बसने जायचं असेल तर..." टेलेरी म्हणाली.

"बस साडेचारला. तोवर इथे मेंढ्या राखू?" नेस्टचा आवाज हेल्मेटातून घुसमटल्यासारखा येत होता. "चल लवकर. माझं धैर्य काही फार वेळ टिकणारं नाही."

टेलेरीने किल्ली फिरवली. झाडं जवळ आली, चॅपल जवळ आलं. डाव्या हाताला भिंतीचा नव्याने रचलेला भाग दिसला. त्याचे दगड बाकीच्यांपेक्षा उजळ होते. तिने नजर ओढून पलीकडे नेली, उतारावर, जिथे रस्ता पुन्हा दिसत होता. मागून नेस्टची मिठी इतकी घट्ट झाली की तिला श्वास घेता येईना. तेव्हा तिला कळलं की हे कापरं आपल्या एकटीचं नव्हतं; पाठीला टेकलेली छाती, कमरेभोवतीचे हात, सगळं थरथरत होतं.

वळण संपलं. रस्ता सरळ झाला, कोरडा, दोन्ही बाजूंना कुंपण.

नेस्टचे हात सैल झाले नाहीत. टेलेरीने ते सैल होण्याची वाट पाहिली नाही. तशीच, ताशी पंचवीस मैलांनी, ती बहिणीला घेऊन पुढे जात राहिली. मागे गाड्यांची रांग लागली तरी.