मत्स्यदरबारातली दहा मिनिटं

काळेवाडीच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर काचेची सहा फुटी टाकी, तिच्यात तीसेक सोनेरी मासे आणि शेजारी गादीवर मीनानंद महाराज. त्यांचा उजवा हात जपाच्या गोमुखीत, म्हणजे कापडी पिशवीत, मनगटापर्यंत बुडालेला.

"मत्स्यमाते, होकार असेल तर पूर्वेला तोंड कर!" असं महाराज गरजले की मिनिटभरात झाडून सगळे मासे पूर्वेकडे वळत. बायका हात जोडत, पुरुष मोबाइल उंच करत.

"कंपनीतलं मशीन बिघडतं बाळांनो, मासा बिघडत नाही," महाराज सांगत, आणि शिफ्ट सुटून आलेली माणसं मान डोलवत.

माझं डोकं मात्र तापलं होतं. चार दिवसांपूर्वी याच माशांनी माझ्या गोजाबाई वहिनींचं इन्सुलिन बंद करवलं होतं. दरबाराच्या दिवशी सकाळी त्यांची साखर चारशेच्या वर गेली. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब भरती करा. वहिनी म्हणाल्या, "आदी माशांस्नी इचारू." माझ्या थोरल्या भावाचं, बबनदादांचं, त्यांच्यापुढे काही चालेना, म्हणून आम्ही तिघं या रांगेत उभे होतो.

आमच्यापुढच्या एका माणसाने तक्रार केली, "महाराज, मागच्या खेपेला मासे हो म्हणाले होते. पोराला अजून नोकरी नाही."

महाराजांनी डोळे मिटले. "मासे मौनात गेले!"

पाण्यातल्या वनस्पती डुलायच्या थांबल्या. मासे वाटेल तिकडे तोंडं करून तरंगू लागले.

चाकणच्या एका कंपनीत मी बत्तीस वर्षं स्टॉपवॉच घेऊन लाइनवर उभा राहिलोय. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते मोजणं हीच माझी नोकरी. सवयीने इथेही वेळ लावली. दहा मिनिटांनी मौन सुटलं. पुढे आणखी दोनदा अडचणीचे प्रश्न आले आणि आणखी दोनदा मौन झालं. दोन्ही वेळा बरोबर दहा मिनिटं, सेकंदाचाही फरक नाही. असा सायकल टाइम, म्हणजे दर फेरीला तंतोतंत तेवढाच वेळ, माझ्या लाइनवर एकाही माणसाला कधी जमला नव्हता.

मी तडक शेजारच्या फिश टँकच्या दुकानात गेलो. मालकीण हसीनाताई टाकी धूत होत्या. मी दहा मिनिटांचं सांगितलं, तशा त्या हसल्याच.

"काका, तो फीड मोड आहे. पाणी फिरवायला टाकीच्या दोन्ही टोकांना पंप असतात. खाणं वाहून जाऊ नये म्हणून रिमोटचं बटण दाबलं की पंप दहा मिनिटं थांबतात, मग आपोआप चालू होतात."

"आणि मासे वळतात ते?"

"उसमें क्या है! मासा धारेला तोंड देतो, नाहीतर वाहून जाईल बिचारा. ज्या बाजूच्या पंपाचा वेग वाढवाल, तिकडे तो वळणार."

दादांना रांगेत जागा धरायला लावून मी वहिनींना दुकानात आणलं. हसीनाताईंनी रिमोट त्यांच्याच हातात दिला. वहिनींनी त्यावरची पंपाच्या वेगाची चकती डावीकडे फिरवली, मासे डावीकडे वळले. उजवीकडे फिरवली, उजवीकडे वळले. तीनदा फिरवून बघितलं, आणि त्या तडक परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

नंबर आला. "विचार माते," महाराज म्हणाले.

"त्यो पिशवीतला हात भाईर काढा, मंग इचारते."

"जप मोडेल! मातेचा कोप होईल!"

"व्हऊ द्या. चार दिस मी मरायला निगालेय, तुमचा येक जप मोडला तर काय हुतंय?"

मागून दोघं-चौघं म्हणाले, "काढा की महाराज."

महाराजांना हात काढावा लागला. त्यांनी तीनदा पूर्वेला हाक घातली. मासे पश्चिमेकडेच बघत राहिले. वहिनींनी गोमुखी उचलून उलटी केली. माळ पडलीच नाही, पडला काळा रिमोट. त्यांनी चकती फिरवली आणि सगळे मासे पूर्वेला वळले.

"घ्या," त्या म्हणाल्या, "मला बी परसन्न झालं!"

हॉलभर हशा पिकला. त्यात कुणीतरी पोलिसांना फोन लावला. आम्ही वहिनींना घेऊन थेट दवाखाना गाठला.

नर्सपुढे दंड उघडा करत वहिनी म्हणाल्या, "चार दिसांचं ऱ्हायलंय बाई, समदं येकदम टोच."

"असं नसतं आजी, डॉक्टर सांगतील तेवढंच," नर्स हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर काय, हाच विचार डोक्यात होता.

म्हणून कळकळीने सांगतो. औषध बंद करायचं की नाही, हे डॉक्टरलाच विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवू लागला तर नमस्कार करायच्या आधी म्हणा, महाराज, दोन्ही हात बाहेर काढा.