इंजिनाचं चाक आणि लेथचं चाक

धातू कातायचा लेथ घ्यायचा ठरला तेव्हा मी घरात, शेजारात आणि अवजारांच्या दुकानात एकच गोष्ट सांगितली: हा लेथ मी दादासाठी घेतोय. एवढं साफ खोटं मी नोकरीतही कधी बोललो नव्हतो, आणि नोकरी विमा कंपनीत होती.

दादा माझा थोरला भाऊ. शाळेत असताना आम्ही दोघांनी तळहातावर मावेल एवढं वाफेचं इंजिन करायला घेतलं होतं. सिलिंडर त्याने केला, आतला दट्ट्याही त्यानेच केला, मी सगळ्याला पॉलिश केलं. मग नोकऱ्या, लग्नं, मुलंबाळं यांत इंजिन डब्यात गेलं ते गेलंच. त्याला फक्त फ्लायव्हील नव्हतं, म्हणजे बाजूचं जड चाक. ते नसलं की इंजिन अर्धा फेरा मारतं आणि अडून बसतं, कारण पुढच्या धक्क्यापर्यंत त्याला ओढून नेणारं काही नसतं.

वहिनी गेल्यापासून दादा एकटाच होता. मुलगा परदेशात, आणि ‘बाबा, इकडे या’ म्हणून हात धुऊन मागे लागलेला. दादा त्याला दर फोनवर सांगायचा, “आधी आमचं इंजिन फिरू दे, मग येतो.” एके दिवशी त्याने कुठूनशी पितळेची एक जाडजूड चकती पैदा केली आणि माझ्यासमोर ठेवली.

“छोट्या, चाक तू कर. पॉलिशवर किती दिवस काढणार?”

छोट्या साठी ओलांडून बसलाय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी लेथ शोधायला लागलो. पहिला आवडला तो इतका मोठा होता, की तो ठेवायचा तर आम्हा नवराबायकोला जिन्यात झोपावं लागलं असतं. दुसरा इतका चिमुकला, की त्यावर पेन्सिलीला टोक काढता आलं असतं, चाक नाही. बायकोने अटी घातल्या: दोघांना उचलता आला पाहिजे, इस्त्रीच्या खोलीतच राहिला पाहिजे आणि धातूचा कीस चपलेला चिकटून स्वयंपाकघरात येता कामा नये. दुकानदाराने मला विचारलं, “चकात, म्हणजे लेथच्या जबड्यात, केवढा तुकडा धरणार?” मी चकती विसरून त्याला लेथचा रंग कोणकोणता मिळेल ते विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि पुढचं सगळं तिच्याशीच बोलला. शेवटी टेबलावर बसणारा मधल्या आकाराचा लेथ घरी आला. चकती त्याच्या चकात जेमतेम बसली. निवड अचूक होती, फक्त ती माझी नव्हती.

आता सरळ चाक करायचं की नाही? पण लेथची मोटर सगळ्यात हळू ठेवली तरी रुंद चकतीसाठी फार वेगात फिरायची. म्हणून मी एक जादा पुली बसवली. पुलीला पट्टा लांब लागला, लांब पट्ट्याला ताण देणारी फळी लागली, फळीमुळे टेबल हलायला लागलं. टेबल भिंतीला ठोकलं तेव्हा शेजारी विचारायला आले. मग बायकोच्या शिलाई मशीनचा पायाने दाबायचा स्विच मी तात्पुरता लेथला जोडला. ‘तात्पुरता’ हा शब्द बायको अजून तोंडावर मारते, कारण पडद्यांची शिवण तिला हाताने घालावी लागली. कीस पडायला तिचा केकचा ट्रे घेतला. चष्म्यावर चष्मा चढवून मी त्या खोलीत उभा राहायचो, तेव्हा पाणबुड्यासारखा दिसायचो म्हणे.

या सगळ्यात माझी खात्री झाली होती, की लेथ अजून चाकाच्या लायकीचा झालेला नाही.

खरा घोळ पुढेच आहे. लेथचं कातणारं हत्यार आतबाहेर सरकवायला बाजूला एक छोटं हँडल असतं. माझ्या लेथचं प्लास्टिकचं होतं आणि डगडगायचं. डगडगत्या हँडलने दादाचं चाक करणं म्हणजे दादाचा अपमान. हँडलच्या जागी जड, घट्ट, पितळेचं चाक हवं, असं मला वाटलं. आणि घरात पितळेचा तेवढा एकच तुकडा होता.

हो. केलं. दादाची चकती चकात धरली आणि तिचं लेथचं हँडल केलं. उद्या दुसरी चकती आणू, असं मनाशी म्हणत राहिलो. चाक मात्र असं देखणं उतरलं, की मीच त्याच्या प्रेमात पडलो. कडेला बोटात धरायची मूठ बसवली. हत्यार किती सरकलं ते कळावं म्हणून भोवती बारीक खुणा कोरल्या, पन्नास. बायकोला बोलावून दाखवलं.

तिने वाकून पाहिलं. “हे दादांचं पितळ ना?”

“दुसरं आणणार आहे.”

“तुम्ही दुसरं आणणार नाही,” ती शांतपणे म्हणाली. “इंजिन झालं की दादा जातील, म्हणून तुम्ही लेथ सजवत बसलाय. मला काय कळत नाही होय?”

मी चष्म्यावरचा चष्मा काढून पुसत बसलो. तिचं खरं होतं. दादा गेला की मला छोट्या म्हणणारं या गावात कुणी उरणार नव्हतं.

पण दादाचा मुलगा माझ्याहून हुशार निघाला. त्याने इंजिनाची वाट न बघता तिकीटच पाठवून दिलं. निघायच्या आदल्या सकाळी दादा इंजिनाचा डबा काखोटीला मारून आला, हसत हसत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “हं, काढ चाक.”

मी लेथकडे बोट दाखवलं.

त्याने आधी चष्मा वर केला, मग खाली केला. चाकावरून अंगठा फिरवला. मी जमिनीकडे बघत होतो. साठी उलटलेल्या माणसाला थोरल्या भावापुढे कान धरून उभं राहावंसं वाटणं काही शोभत नाही, पण तसं वाटलं खरं.

“गाढवा,” तो म्हणाला, “काम झकास केलंयस. फक्त चुकीच्या यंत्राला लावलंस. सोड ते.”

चाक सोडवलं. मूठ काढली. पण लेथच्या स्क्रूसाठी पाडलेलं भोक इंजिनाच्या दांड्याला फारच ढिलं होतं. मध्ये एक बुश घालायला हवं होतं, म्हणजे बाहेरून चाकाच्या भोकाएवढी आणि आतून दांड्याएवढी लोखंडी नळी. ती लेथवरच होणार, आणि लेथला आता हँडल नव्हतं.

“पाना आहे का?” दादाने विचारलं.

मी पाना दिला. दादाने तो स्क्रूच्या उघड्या टोकाला लावला, बाह्या वर सारल्या आणि तो हत्यार सरकवायला उभा राहिला. पायाखाली शिलाई मशीनचा स्विच घेऊन मी लेथ फिरवायला लागलो. एक जण आत सरकवतोय, दुसरा पायाने लेथ फिरवतोय.

“किती?” तो विचारायचा.

“केसभर.”

“तुझ्या डोक्यावर उरलेत त्यातला की माझ्या?”

दोनदा बुश बारीक झालं, दोनदा तो माझ्यावर ओरडला आणि एकदा मी त्याच्यावर. बायको दारात येऊन म्हणाली, “दोघांनाही बाहेर काढू का?” मग आम्ही गुपचूप काम केलं. तिसरं बुश चाकात टक्क करून बसलं.

इंजिन टेबलावर ठेवलं. वाफ कुठून आणणार, म्हणून सायकलचा पंप जोडला आणि मी हवा मारायला लागलो. दादाने बोटाने चाकाला हलकासा धक्का दिला. इंजिनाने अर्धा फेरा मारला, आणि जिथे ते इतकी वर्षं अडायचं तिथे चाकाने त्याला अलगद पलीकडे नेलं. मग ते फिरायलाच लागलं. मुठीच्या रिकाम्या भोकामुळे जरा लंगडत, पण टकटक टकटक करत फिरत होतं.

“थांबू नकोस,” दादा म्हणाला. “छोट्या, थांबू नकोस.”

माझे दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. घामच असावा. दादाने तर चष्मा काढूनच ठेवला होता.

इंजिन तो घेऊन गेला. चाकासकट.

परवा त्याचा फोन आला. “छोट्या, तुझ्या चाकावरच्या खुणा मोजल्या. एकावन्न आहेत.”

“पन्नास आहेत.”

“तीनदा मोजल्या. इथे दुसरं काम काय आहे मला? म्हणजे त्या चाकाने केलेलं तुझं सगळं माप चुकलेलं.”

“इंजिन फिरतं ना पण?”

“रोज फिरवतो,” तो म्हणाला. “पंप मारायला कुणी नसतं, म्हणून एका हाताने पंप मारतो.”

फोन ठेवून मी लेथपाशी गेलो. चाकाच्या जागी अजून उघडा स्क्रू आहे, आणि शेजारी पाना. तेवढ्यात बायको खण आवरता आवरता आली. तिच्या हातात ते प्लास्टिकचं हँडल होतं.

“अहो, हे होतं की इथे! त्या दिवशी हेच परत लावलं असतं तर एकट्याने झालं असतं काम. दादांना उगाच उभं केलंत दिवसभर. आठवलं नाही वाटतं?”

आठवलं होतं. दादाने पाना हातात घेतला त्याच क्षणी आठवलं होतं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो होतो.

“राहू दे खणात,” मी म्हणालो.